पहिल्या शॉवरआधी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

भांडी विकायचा तुझा पहिलाच डेमो आणि तोही ब्रायडल शॉवरमध्ये, म्हणजे लग्नाआधी मैत्रिणी नवरीला भेटवस्तू देतात त्या समारंभात, हे तुझ्या पत्रात वाचून आनंद झाला, जरा धाकधूकही वाटली. एरवीचा डेमो फसला तर चार ऑर्डरी जातात. इथे नवरीची संध्याकाळ जाते, आणि तिच्या मैत्रिणी ते विसरत नाहीत.

म्हणून आधी निमंत्रण बघ. ‘भांड्यांचा डेमो आहे, ऑर्डर घेतली जाईल’ हे त्यात स्वच्छ लिहिलंय का? मी एकदा ते यजमानीणबाईंवर सोडलं. त्यांनी नुसतं ‘शॉवरला या’ कळवलं. बायका भेटवस्तू घेऊन आल्या आणि मी त्यांच्यापुढे कॅटलॉग सरकवला! कोणी काही बोललं नाही, पण त्या दिवशी मला घरी जायचा रस्ता फार लांब वाटला.

नवरीसोबत आधीच बसून तिला खरंच हव्या असलेल्या वस्तूंची यादी कर. मग पाहुण्या त्यातून निवडतात, महागडी वस्तू चौघी-पाचजणी मिळून घेतात, आणि विक्री वेगळी करावीच लागत नाही. पार्टी ठेवल्याबद्दल कंपनी देते ते यजमानपदाचं बक्षीस कोणाला, नवरीला की यजमानीणबाईंना, तेही तेव्हाच ठरव. माल लग्नाआधी पोचणार नसेल तर तसं तोंडावर सांग.

डेमोला एकच पदार्थ, तीन-चारच अवजारं. घरी घड्याळ लावून दोनदा करून बघ. परक्या स्वयंपाकघरात प्लग कुठे आहे इथपासून शोधाशोध असते, तेव्हा एक्स्टेन्शन बोर्ड आणि फडकी आपली आपण ने. कोणाला कशाची ॲलर्जी आहे का, ते आधी विचार. आणि सगळं स्वतः करून दाखवू नकोस. सर्वांत नाक मुरडणारी जी असेल तिच्याच हातात अवजार दे.

टपरवेअरचे डबे सुरुवातीला दुकानांत पडून राहत. झाकण दाबून आतली हवा कशी काढायची, हे कोणी दाखवल्याशिवाय कळत नसे. ते डबे विकणाऱ्या ब्राउनी वाइज घरगुती पार्ट्यांत भरलेला वाडगा झाकण लावून सरळ खोलीत फेकायच्या. १९५१ मध्ये कंपनीने दुकानांतली विक्री बंद करून सगळा भर पार्ट्यांवर दिला आणि वाइज यांना उपाध्यक्ष केलं. १९५८ मध्ये त्यांनाच काढून टाकलं. तुझ्या गिऱ्हाइकांची वही तुझ्याच कपाटात असू दे, एवढंच म्हणते.

टार्गेट गाठायला स्वतःच्या पैशांनी माल उचलू नकोस. माझ्या माळ्यावर अजून न उघडलेले खोके आहेत. कमिशन मोजताना प्रवास, डेमोचं सामान आणि तुझे तास वजा कर. आकडा पाहून एकदा रडू येईल, येऊ दे. पुढची पार्टी तुझ्या घरी ठेवशील का, हे विचारायचं ते ऑर्डर लिहिताना, एकेकीला, हळूच. ‘तूही विक्रेती हो’ हा विषय मात्र शॉवरमध्ये काढूच नकोस. नवरीकडे तर नाहीच.

आता पत्र बाजूला ठेव आणि यजमानीणबाईंना फोन करून निमंत्रणाचा मजकूर मागव. ते आधीच गेलं असेल तर आजच दुसरा निरोप धाडायला सांग: डेमो आहे, खरेदीची सक्ती नाही.

तुझी,
ताई