खुब्याच्या हाडाची घनता वाढत का नाही?

प्रश्न: माझं वय ६४. पाळी जाऊन १५ वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत खुब्याचा टी-स्कोअर (तरुण वयातल्या हाडाशी तुलना करणारा आकडा; जितका उणे, तितकं हाड विरळ) उणे २.८ आला. तेव्हापासून दर रविवारी सकाळी चहाबरोबर हाडांची झीज रोखणारी ॲलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅमची गोळी आणि लगेच कॅल्शियमची गोळी घेते. परवाच्या डेक्सात मणका सुधारलेला, पण खुबा उणे २.७. छातीत जळजळतंही. शेजारच्या ताई सहा महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन सुचवतात. बदलू का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर: इंजेक्शनआधी गोळी घेण्याची पद्धत बदला. ही गोळी अगदी नीट घेतली तरी तिचा एक टक्काही रक्तात उतरत नाही. चहा, दूध किंवा कॅल्शियम सोबत असलं तर तेवढाही नाही. उठल्यावर उपाशीपोटी, पूर्ण ग्लासभर साध्या पाण्याबरोबर ती गिळा, चघळू नका. पुढचा अर्धा तास काही खाऊ-पिऊ नका आणि आडवं होऊ नका. गोळी अन्ननलिकेला चिकटली तर तिथे व्रण पडतो. तुमची जळजळ त्यामुळेही असेल, म्हणून पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना सांगा. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर घ्या.

आता अहवालाकडे. खुब्यात बाहेरचं कठीण हाड जास्त, त्यामुळे तिथली घनता मणक्यापेक्षा सावकाश वाढते. उणे २.८ चं उणे २.७ होणं हा मोजणीतलाच फरक असू शकतो. पाय आत वळवून ठेवण्यात थोडा फरक पडला तरी आकडा हलतो. म्हणून तपासणी त्याच यंत्रावर करा आणि ‘टोटल हिप’च्या (संपूर्ण खुब्याच्या) ओळीतले ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरचे आकडे ताडून पाहा. मणक्याच्या आकड्यावरही विसंबू नका. या वयात झिजेमुळे वाढलेलं हाड तो फुगवून दाखवतं. शिवाय घनता स्थिर राहिली, तरी औषध काम करत असतं.

जळजळ थांबलीच नाही, तर गोळीऐवजी झोलेड्रॉनिक ॲसिड ५ मिलिग्रॅम वर्षातून एकदा शिरेतून, किमान १५ मिनिटांत देतात. पहिल्या वेळी दोन-तीन दिवस ताप, अंगदुखी होऊ शकते, पॅरासिटामॉल पुरतं. त्याआधी क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंडं किती काम करतात ते सांगणारा आकडा) मिनिटाला ३५ मिलिलिटरपेक्षा कमी असेल तर ते देत नाहीत.

ताई म्हणतात ते डेनोसुमॅब, ६० मिलिग्रॅम, त्वचेखाली. खुब्याला ते चांगलंच. तीन वर्षांच्या मोठ्या चाचणीत, औषध नसलेलं नकली इंजेक्शन घेतलेल्यांच्या तुलनेत खुब्याची घनता सुमारे ६ टक्के जास्त भरली. पण ते मध्येच सोडायचं औषध नाही. पुढचा डोस महिनाभर लांबला तरी हाड भराभर झिजू लागतं आणि एकामागून एक मणके दबू शकतात. गावी गेलो, पैसे जमले नाहीत, असं इथे चालत नाही. थांबवायचंच असेल तर शेवटच्या डोसनंतर सहा महिन्यांनी दुसरं औषध ठरवूनच थांबा. सहा-सहा महिन्यांची तारीख पाळणं जमणार नसेल, तर आम्ही हे सुचवणार नाही.

कॅल्शियम आहार धरून दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम हवं. आपल्याकडच्या नागलीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३५० मिलिग्रॅम असतं. रोजची एक भाकरी आणि वाटीभर दही आहारात असेल तर गोळीचा डोस डॉक्टर कमी करू शकतात.

दात काढायचा असेल तर नवं इंजेक्शन सुरू करण्याआधी काढून घ्या. औषध चालू असताना मांडीत किंवा जांघेत नवं, टिकून राहणारं दुखणं सुरू झालं तर तेलमालीश करत बसू नका. दोन्ही मांड्यांचा एक्स-रे काढायला सांगा.