हप्ता नंतर, खोलीभाडं आधी

अरे, आरोग्य विम्याची पॉलिसी घेताना आधी हॉस्पिटलच्या खोलीभाड्याची मर्यादा वाच. मर्यादा पाच हजारांची आणि तू खोली घेतलीस दहा हजारांची, तर बऱ्याच पॉलिसींत नुसतं भाडंच नाही, डॉक्टरांची फी आणि ऑपरेशनचा खर्चही त्याच प्रमाणात कापतात. माझे पैसे असेच गेले. राग अजून आहे. विमा कंपनीपासून शुगर-बीपी लपवू नकोस. जुन्या आजाराचा खर्च मिळायला थांबायची मुदत 2024 पासून जास्तीत जास्त 3 वर्षं, म्हणून तब्येत ठीक असतानाच घे. वैयक्तिक पॉलिसीवर 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीही नाही. आणि तब्येत ठीक ठेवायची तर आपल्या इंदुरात राजवाड्यापर्यंत स्कूटर कशाला? चालत जा. सराफा बाजारातला गराडू, म्हणजे तळलेला कंद, थंडीतच मिळतो, तेवढंच आपलं नशीब!