टेक्सासमध्ये रानडुकराची शिकार: रायफलआधी व्हिसा बघा

तुमचा प्रश्न वाचला आणि जुनं दुखणं ठसठसलं. ऑफिसची मंडळी टेक्सासमधल्या खाजगी रँचवर गाईडसोबत रानडुकराच्या शिकारीला निघालीत, तुम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, बंदूक रँचच देणार, आणि बुकिंगवाले म्हणतात 'लायसन्स लागत नाही'. कुठली रायफल मागू, एवढंच तुम्ही विचारलंय. रायफलचं नंतर बघू, आधी त्या लायसन्सचं.

राज्यापुरतं त्यांचं म्हणणं खरं आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून टेक्सासात खाजगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने रानडुक्कर मारायला लायसन्स लागत नाही. हंगामाचं बंधन नाही, संख्येचं नाही, रात्रीही चालतं. पण केंद्राचा बंदूक कायदा निराळा. नॉन-इमिग्रंट, म्हणजे कायम वास्तव्यासाठी नसलेल्या व्हिसावर आलेल्या माणसाला (एच-१बी, एच-४, एफ-१, फिरायला आलेले आईबाबासुद्धा) बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे. त्याला थोडे अपवाद आहेत. त्यातला आपल्या कामाचा म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं, मुदतीतलं शिकारीचं लायसन्स. थोडक्यात, डुकरासाठी जे लागत नाही ते तुम्हाला बंदूक हातात धरायला लागतं. भाड्याची असो, मित्राची असो, मालकीचा इथे संबंध नाही. आईबाबांना फोटोपुरतीही हातात देऊ नका. माहीत असून दिली तर देणाराही गोत्यात येतो.

माझी सगळ्यात महाग चूक हीच. एका बुकिंग ऑफिसने फोनवर डुकराबद्दलचं उत्तर दिलं, ते मी माणसाबद्दलचं समजलो. अनामत परत मिळत नाही हे मात्र त्यांनी तत्परतेने लेखी कळवलं!

(मी वकील नाही. ग्रीन कार्डचा अर्ज चालू असेल किंवा आणखी काही गुंता असेल, तर इमिग्रेशन वकिलाला विचारा. त्याची फी व्हिसा गमावण्यापेक्षा स्वस्त.)

लायसन्स ऑनलाइन मिळतं. टेक्सासात सलग ६ महिने राहत असाल तर रहिवासी दर, सध्या २५ डॉलर. बाहेरच्यांसाठी ५ दिवसांचं विशेष लायसन्स ४८ डॉलरला आहे, पण मग नेमबाजीच्या रेंजवरचा सरावही त्याच ५ दिवसांत उरकावा लागतो. फिशिंगचं लायसन्स यासाठी चालत नाही. आणि तारीख बघा: वार्षिक लायसन्स कधीही काढा, ते ३१ ऑगस्टला संपतं. जुलैत काढून सप्टेंबरच्या ट्रिपला गेलात तर हातात नुसता कागद. २ सप्टेंबर १९७१ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्सही असतो. १७ वर्षांवरच्यांना तो पूर्ण ऑनलाइन करता येतो, तो टाळू नका. एवढी यातायात नको असेल तर क्रॉसबो (घोडा दाबून बाण सोडायचं धनुष्य) मागा. केंद्राच्या व्याख्येत ती बंदूक नाही. फक्त अंतर निम्म्याहून कमी धरा.

आता रायफल. गाईड रोज वापरतो तीच घ्या. .३०८ किंवा ६.५ क्रीडमूर (ही काडतुसांची मापं) असेल तर उत्तम, खांद्याला धक्का सोसत नसेल तर .२४३. मचाणावर चढण्याआधी १०० यार्डांवर ३ गोळ्या झाडून बघा. दुसऱ्याच्या दुर्बिणीवर आंधळा विश्वास नको.

नेम हरणासारखा धरलात की फसलात. डुकराचं काळीज हरणापेक्षा खाली आणि पुढे असतं. फऱ्यामागे (पुढच्या खांद्यामागे) मधोमध मारलेली गोळी कोथळ्यात जाते आणि जनावर झाडीत गडप होतं. आडवं उभं असेल तेव्हा पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या खालच्या एक-तृतीयांश भागात नेम धरा. मोठ्या नराच्या फऱ्यावर जाड, चिवट ढाल असते. तो जरा पाठमोरा तिरका होईपर्यंत थांबा, म्हणजे गोळी ढालीच्या मागून आत शिरते. डुकराची नजर यथातथा, पण नाक भयंकर. वारा तुमच्याकडून फीडरकडे (डुकरांसाठी दाणे टाकणाऱ्या यंत्राकडे) वाहत असेल तर मचाण बदलून मागा, भिडेखातर बसू नका.

हे का सांगतोय, तर बहुतेक रँचच्या करारात 'रक्त निघालं म्हणजे मारलं' असं कलम असतं. जखमी होऊन पळालेल्याचेही पूर्ण पैसे. वजनानुसार जादा आकार आहे का, माग काढायला कुत्रा आहे का, सोलणं-कापणं धरून आहे का, हे ईमेलवर विचारा. ईमेलवरच. फोनवर नाही!

मटणासाठी ६० ते १०० पौंडांची मादी बघा, थोराड नराला उग्र वास असतो आणि तो आपल्या कुठल्याच मसाल्याला दबत नाही. कापताना हातमोजे हवेतच: रानडुकरांत ब्रुसेलोसिस असतो, तो रक्तातून आणि ओल्या मांसातून माणसाला होतो. घरी धुताना-चिरतानाही हातमोजे. काही आठवड्यांनी चढउतार करणारा ताप आला तर डॉक्टरांना शिकारीचं आवर्जून सांगा. मांस आतपर्यंत ७१ अंश सेल्सियस शिजलं पाहिजे. फ्रीझरवर भिस्त ठेवू नका. कुकर लावलात तर प्रश्नच नाही. घरी आणताना कूलरमध्ये मांस बर्फावर ठेवा, कूलरचं खालचं बूच उघडं आणि गाडी किंचित उतारावर, म्हणजे मांस रक्ताळ पाण्यात पोहत बसत नाही.