विमानाच्या पहिल्या वार्षिक तपासणीआधी एवढं वाचा

मेकॅनिक जो आकडा सांगतो तो फक्त तपासणीचा: पॅनेल उघडणं, बघणं, बंद करणं. सापडेल त्या दुरुस्तीचं बिल वेगळं, आणि मोठा खर्च बहुतेक वेळा तिथेच होतो. विमान नुकतंच घेतलं असेल तर जास्त पैसे बाजूला ठेवा. आधीच्या मालकाने पुढे ढकललेली कामं आता तुमच्या गळ्यात पडतात.

साध्या चार आसनी विमानाची तपासणी काही दिवसांत उरकते. चाकं आत ओढली जाणारी असतील तर जॅकवर चढवून ती वरखाली करून पाहावी लागतात. पण आठवडे जातात ते सुट्या भागांची वाट बघण्यात.

कॉम्प्रेशन चाचणीला, म्हणजे इंजिनचे सिलिंडर हवेचा दाब धरतात का हे बघतात तेव्हा, मात्र जरूर हजर राहा, प्रोपेलरपासून लांब. सिलिंडरमध्ये साधारण ८० पीएसआय दाबाने हवा सोडतात. सिलिंडरने धरलेल्या दाबाचा आकडा कमी आला तर फुसफुस कुठून येते ते ऐका: एक्झॉस्टमधून आली तर व्हॉल्व्ह, तेल भरायच्या तोंडातून आली तर पिस्टनच्या रिंगांवर संशय. तेवढ्यावरून सिलिंडर काढायला लगेच हो म्हणू नका, आधी बोअरस्कोपने, म्हणजे आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने, आत बघायला सांगा.

आणि लॉगबुकं, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या नोंदवह्या, नीट लावून द्या. कागद चाळण्याचे तासही बिलात लागतात.