शेवटून दुसरा

प्रिय,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. पहिले दोन आठवडे खरंच कामात गेले, तिसरा निव्वळ आळसात. रागावला नसशील असं धरून चालते.

पत्रासोबत तू पाठवलेला फोनवरचा नकाशा पाहिला. एका दिवसात सोळाशे मीटर चढाई, एकट्यानं, आणि खाली तुझं एकच वाक्य: ‘वर मस्त वाटलं, पण खाली आल्यावर सांगायला कोणी नव्हतं.’ बाकीचं पत्र नोकरीबद्दल आणि घरमालकाबद्दल होतं. त्यातलं फारसं मला आठवत नाही. हे वाक्य मात्र आठवतंय, म्हणून त्यालाच उत्तर देते.

आधी एक हिशेब. तुला स्वित्झर्लंडमध्ये येऊन आठ महिने झाले. स्व्हेरे लिसगोर नावाच्या नॉर्वेजियन समाजशास्त्रज्ञानं १९५५ साली अमेरिकेत राहून आलेल्या सुमारे दोनशे नॉर्वेजियन फुलब्राइट शिष्यवृत्तीधारकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा महिन्यांच्या आत परतलेले बरे होते, दीड वर्षाहून जास्त राहिलेलेही बरे होते. सगळ्यात कमी रुळलेले होते ते मधले, सहा ते अठरा महिनेवाले. नंतरच्या अभ्यासकांनी या इंग्रजी ‘यू’च्या आकाराच्या आलेखावर बरीच टीका केली आणि तो प्रत्येकाला लागू पडत नाही हेही खरं आहे. पण मला स्वतःला तो अगदी मापानं शिवल्यासारखा बसला होता. पहिल्या सहा महिन्यांत ट्रामच्या तिकिटाचंही कौतुक वाटतं. मग ते ओसरतं आणि आपण इथे पाहुणेही नाही आणि इथलेही नाही, हे एखाद्या रविवारी दुपारी लक्षात येतं. तू बरोबर त्या पट्ट्यात आहेस. तुझ्यात काही बिघडलेलं नाही.

आता तुझ्या त्या दुसऱ्या तक्रारीकडे वळते, जी तू कंसात उरकलीस. सहकाऱ्यांच्या गटाबरोबर एकदा गेलास, सगळ्यांत मागे पडलास, पुन्हा गेला नाहीस. मला वाटतं, सगळं दुखणं इथेच आहे.

त्या दिवशी काय झालं असेल हे मी न बघता सांगू शकते. पुढचे लोक वळणावर थांबले, पाणी प्यायले, फोटो काढले. दहा मिनिटांनी तू धापा टाकत पोचलास. तू पोचलास म्हटल्यावर ते उठले आणि चालायला लागले. म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज सर्वांत जास्त, त्याच्या वाट्याला ती आलीच नाही. दुपारपर्यंत तुझे पाय शिशाचे झाले आणि तुला वाटलं, आपल्यातच दम नाही. ज्याला गट न्यायची सवय असते, तो सगळ्यांत हळू चालणाऱ्याला स्वतःच्या लगेच मागे, दुसऱ्या क्रमांकावर घेतो आणि त्याच्या श्वासाप्रमाणे चालतो. मग कुणालाच थांबून वाट बघावी लागत नाही. तुझ्या सहकाऱ्यांना हे सुचलं नाही. पण तूही ‘मी हळू चालतो’ असं निघताना सांगितलं नसणार.

माझंच सांगते. तीसेक वर्षं झाली. ऑफिसातले सहा जण आल्पश्टाइन या डोंगररांगेत निघाले होते, मला विचारलं, मी गेले. वासराउएन हे तिकडे जाणाऱ्या रेल्वेचं शेवटचं स्टेशन. तिथून झेआल्पझे या तळ्यापर्यंत रुंद पण चांगलाच चढाचा रस्ता आहे. नवे बूट, पातळ सुती मोजे. अर्ध्या तासात उजव्या टाचेला नुसतं गरम लागायला लागलं. ते गरम लागणं म्हणजे फोडाची पूर्वसूचना असते आणि त्याच वेळी थांबून पट्टी लावली तर पुढचं काहीच होत नाही, हे मला माहीत नव्हतं. आणि माहीत असतं तरी मी थांबले नसते. सहा इथली माणसं आणि मी एकटी बाहेरची. माझ्यामुळे कुणी खोळंबायला नको, हा माझा हट्ट. तळ्याकाठी सगळे बसले तेव्हा मी उभीच राहिले, कारण बसले तर उठता येणार नाही हे कळत होतं. वर दऱ्याखोऱ्यांचं कौतुकही करत होते.

तळ्यापासून मेग्लिसआल्प या वरच्या वस्तीकडे जाणारी वाट सरळ अंगावर येते. अर्ध्या चढात आमच्यातला एक जण, ऑफिसात माझ्याशी फार तर चार वाक्यं बोललेला, मागे वळला, माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाला, ‘बस.’ मी म्हटलं, काही नाही. तो म्हणाला, ‘उजवा.’ मी एका दगडावर बसले. त्यानं बुटाची लेस सोडली, मोजा हळूच खाली ओढला. टाचेपाशी तो चिकटला होता. त्यानं खिशातून चपटा गुंडाळलेला पांढरा टेप काढला, जखम पुसली, दातांनी टेप तोडला, कडा अंगठ्यानं दाबून गोल केल्या, म्हणजे मोज्यात घासून सुटू नयेत. मग स्वतःच्या पाठपिशवीतली लोकरी मोज्यांची जादा जोडी काढून मला दिली. एवढं सगळं होईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. शेवटी लेस बांधताना म्हणाला, ‘पुढच्या वेळी तळ्याच्या आधी सांग.’

मी अपमानानं लाल झाले होते. ‘पुढच्या वेळी’ हा शब्द मला घरी जाताना गाडीत ऐकू आला.

म्हणून तुला माझं एकच सांगणं आहे, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं: परक्या देशात आपला कुणाला भार होऊ नये म्हणून आपण इतके जपतो, की कुणाला आपल्या जवळ यायला जागाच ठेवत नाही. सोळाशे मीटर एकट्यानं चढणाऱ्या माणसाला कोण काय देणार? इथली माणसं शिष्ट आहेत असं तू लिहिलंस. तसं नाही रे. ती भरलेली आहेत. शाळेतले मित्र, संघातले मित्र, तीन आठवडे पुढपर्यंतची डायरी. ‘कधीतरी भेटू’ म्हणालास तर ते कधीच होणार नाही. ‘बावीस तारखेच्या रविवारी, सात पंचवीसची गाडी’ म्हणालास तर ते वहीत लिहितील आणि सात वीसला फलाटावर उभे असतील.

तासांचंही बघ. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ साली नुकतंच गाव बदललेल्या माणसांचा आणि कॉलेजच्या नव्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नुसत्या ओळखीचं जुजबी मैत्रीत रूपांतर व्हायला साधारण पन्नास तास, मित्र म्हणायला नव्वद, जिवलग व्हायला दोनशेच्या वर, असं त्यांना आढळलं. ऑफिसात शेजारी बसून काम केलेले तास मात्र त्यात फारसे उपयोगी पडत नाहीत. आता महिन्यातून एकदा तासभर कॉफी प्यायलास तर पन्नास तासांना चार वर्षं लागतील. गाडीच्या प्रवासासकट एक डोंगर म्हणजे आठ-नऊ तास. सहा रविवार झाले की हिशेब चुकता. पण सहाही वेळा तीच माणसं हवीत, दर वेळी नवा गट नको. तुझ्यासारखी हुशार मुलं नेमकी इथे चुकतात. त्यांना नवं शिखर आणि नवी माणसं एकदम हवी असतात.

चालताना बोलणं सोपंही जातं. एकामागून एक चालत असल्यावर कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, शब्द आठवेना तर दम लागलाय असं समजतात. सपाटीवर ते तुझ्यासाठी शुद्ध जर्मन बोलतील; चढ लागला की विसरतील आणि आपल्या बोलीवर येतील. तिथे कान उघडे ठेव. शहरात शेजारच्या माणसाकडे न बघणारे हेच लोक पायवाटेवर समोरून आले की हटकून ‘ग्रुएत्सी’, म्हणजे नमस्कार, म्हणतात. आणि वर गेलं की तुम्हीचं तू होतं. कुठल्या उंचीपासून, यावर दोन स्विस माणसांना वाद घालायला लाव, तासभर करमणूक होईल.

स्विस आल्पाइन क्लबच्या तुझ्या गावातल्या शाखेत नाव घाल. क्लब १८६३ सालचा आहे आणि त्याच्या शंभराहून जास्त शाखा आहेत. (१९०७ ते १९८० या काळात त्यांनी बायकांना सदस्यत्व दिलं नव्हतं. मी इथे आले तेव्हा ती गोष्ट जुनी झाली नव्हती आणि काही म्हाताऱ्यांच्या कपाळावरच्या आठ्याही.) शाखेच्या सहलींना वाट दाखवणारा असतो आणि काठिण्य टी१ (सगळ्यात सोपं) ते टी६ (सगळ्यात अवघड) असं आधीच लिहिलेलं असतं. सुरुवातीला टी२ घे. तुला टी४ जमेल हे मला माहीत आहे, तरी टी२ घे, कारण दम शिल्लक असला तरच माणूस बोलतो. क्लबच्या एखाद्या झोपडीवर मुक्कामाची सहल असली तर सोडू नकोस. दारात बूट काढून तिथल्या चपला घालायच्या, सांगतील तिथे लांब बाकावर अनोळखी माणसांत बसायचं, एका ओळीत झोपायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाशी नुसती तोंडओळखच उरलीय असं होत नाही.

आपल्या भाषेच्या माणसांपासून लांब राहा असा सल्ला तुला कुणी दिला असेल तर तो कानाआड कर. ताप आला की आपल्या भाषेतच कण्हतो माणूस. फक्त सगळे रविवार त्यांना देऊ नकोस.

आणि एकट्यानं जायचं बंद कर असंही मी म्हणत नाही. नुसत्या पिवळ्या पाटीच्या सोप्या वाटा खुशाल एकट्यानं कर. पांढऱ्या-लाल-पांढऱ्या पट्ट्यांची अवघड डोंगरवाट असेल, तर जाण्याआधी कुणाला तरी सांगून जा. कुणाला, असा प्रश्न पडला ना? शेजारच्या टेबलावरच्या माणसाला सांग: ‘या वाटेनं जातोय, सहापर्यंत निरोप पाठवीन, आठपर्यंत आला नाही तर १४१४ ला फोन कर.’ तो बचावदलाचा नंबर आहे, त्याला माहीत असतो. संकोच वाटेल, वाटू दे. सोमवारी तो हमखास विचारेल, कसं झालं. पाटीवरच्या वेळेत थांबे धरलेले नसतात, तेव्हा त्याला सांगताना वेळ हात राखून सांग, नाहीतर विनाकारण हेलिकॉप्टर यायचं.

त्या टेपवाल्याचं राहिलं. गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा त्याच तळ्यावर गेलो होतो. त्याच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे. आता मी पुढे असते आणि तो माझ्या लगेच मागे. तळ्याच्या बराच आधी मागून आवाज आला, ‘डावा.’ आम्ही बसलो.

बावीस तारखेचं काय ठरलं ते कळव.

तुझी,
उशिरा उत्तर देणारी

ता. क. कुणीतरी दिलेले जुने बूट वापरतोस असं लिहिलंयस. कपाटात आठ-दहा वर्षं पडून राहिलेल्या बुटांच्या तळव्यातला फोम न वापरताही कुजतो आणि ऐन वाटेवर तळवा सुटून येतो. आधी घराजवळ दोन तास चालून बघ, आणि तळवा वाकवून चिरा दिसतात का तेही पाहा.