शेकरमधल्या पाच पावडरी

"मॅडम, ह्याची किडनी जाईल हो. तुम्ही तरी सांगा याला."

खुर्चीत टेकायच्या आधीच आईंनी पिशवीतून रिपोर्ट काढून टेबलावर ठेवला. किडनीच्या तपासणीतलं क्रिएटिनिन 1.4, शेजारी वर जाणारा बाण. मुलगा दाराशीच उभा. वीस वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. कोल्हापुरात भर मे महिना, आणि याच्या अंगात पूर्ण बाह्यांचा जाड टी-शर्ट.

जिमला जाणाऱ्या मुलांचे पालक हल्ली हीच काळजी घेऊन येतात: व्यायामानंतर इतक्या पावडरी एकत्र घुसळून प्यायल्या तर शरीराची वाट लागेल का? मुलांना विचारायचं असतं, कशात काय मिसळलं तर लवकर फरक दिसेल. त्याच्या परवानगीनं आणि ओळख पटू नये एवढे तपशील बदलून ही हकिगत लिहिते आहे.

मी समुपदेशक. किडनीबद्दल बोलणं माझं काम नाही, म्हणून आधी फिजिशियनकडे पाठवलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "क्रिएटिन घेतोस?" ही ताकदीसाठी घेतात ती पावडर, आणि तिचं शरीरात क्रिएटिनिन होतं. त्यामुळे किडनी ठणठणीत असली तरी ते घेणाऱ्याचा आकडा थोडा वर जाऊ शकतो. त्यांनी चार आठवडे क्रिएटिन बंद ठेवायला सांगितलं, मग रक्त पुन्हा तपासलं, लघवीतलं अल्ब्युमिनही पाहिलं. सगळं नॉर्मल. आईंचा जीव भांड्यात पडला.

मुलाचे मात्र ते चार आठवडे फार वाईट गेले. क्रिएटिन स्नायूंमध्ये पाणी धरून ठेवतं, ते थांबलं की एखाद-दीड किलो वजन उतरतं. डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं, तरी तो दिवसातून चार-चार वेळा काट्यावर उभा राहू लागला. आठवडाभर कॉलेजला गेला नाही. "सगळं उतरलं मॅडम," एवढंच म्हणत राहिला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की रिपोर्ट सुधारला तरी आमचं काम आता सुरू होतंय.

पुढच्या वेळी त्याला सगळे डबे घेऊन बोलावलं. व्हे म्हणजे दुधातलं प्रोटीन, क्रिएटिन, बीसीएए, ग्लुटामिन आणि प्री-वर्कआउट, म्हणजे व्यायामाआधी तरतरीसाठी घ्यायची पावडर. टेबल भरून गेलं. शेकरचं झाकण उघडल्यावर चॉकलेटच्या वासाखाली शिळ्या दुधाचा वास आला. आत तारेचा गोळा होता, तारांच्या बेचक्यांत सुकलेली पावडर. एकेका डब्यावर बोट ठेवून मी दोनच गोष्टी विचारल्या. हे कोणी सांगितलं? आणि एक दिवस नाही घेतलं तर काय होईल?

पहिल्याची उत्तरं सोपी होती. ट्रेनर, मित्र, रील. दुसऱ्याला तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "परत काडी पैलवान होईन."

आठवीत वर्गात त्याला हेच नाव पडलं होतं. गंगावेस तालमीत घुमलेल्या आजोबांचा हा नातू. घरात भिंतीवर आजोबांचा लंगोटातला फोटो, आणि शाळेत काडी पैलवान. त्या पाच डब्यांपैकी प्रत्येक डबा त्या नावावरचा उतारा होता.

डब्यांचा हिशेब आहारतज्ज्ञांनी मांडून दिला. बीसीएए म्हणजे तीन अमिनो आम्लं, आणि ती व्हेमध्ये असतातच. म्हणजे एकाच गोष्टीचे दोनदा पैसे. नीट जेवणाऱ्या निरोगी माणसाचे स्नायू ग्लुटामिननं वाढत नाहीत. क्रिएटिन दिवसाला 3 ते 5 ग्रॅम, पाण्यात, दुधात किंवा व्हेमध्ये, कधीही घेतलं तरी फरक पडत नाही. खरा घोळ पाचव्या डब्याचा होता. पंप, म्हणजे व्यायामानं स्नायूंना येणारा फुगीरपणा, टिकतो म्हणून तो व्यायामानंतरच्या शेकमध्येही प्री-वर्कआउट टाकत होता, रात्री आठ वाजता. लेबलवर एका मापात 200 मिलिग्रॅम कॅफिन. झोप लागायला दोन वाजायचे, आणि शरीर भरून यायला झोपच तर लागते. तो डबा त्या दिवशीच बंद झाला.

अर्ध्या तासाच्या आत शेक गेलाच पाहिजे, या धास्तीनं तो जिमच्या पार्किंगमध्ये, भिंतीकडे तोंड करून प्यायचा. कोणी "पावडरचं शरीर" म्हणू नये म्हणून. प्रत्यक्षात दिवसभरात मिळून किती प्रोटीन जातं त्याला महत्त्व आहे. साध्या माणसाला किलोमागे 0.83 ग्रॅम पुरतं. नियमित वजनं उचलणाऱ्याला 1.4 ते 2 ग्रॅम, म्हणजे याच्या 64 किलोंना साधारण 90 ते 128. घरच्या जेवणातून 60 जात होते. चार अंडी आणि एक माप व्हे, झालं.

पावडर घ्यायचीच तर पक्क्या बिलाची घ्या. 2024 मध्ये भारतात विकल्या जाणाऱ्या 36 प्रोटीन पावडरी तपासल्या गेल्या, तेव्हा सुमारे 70 टक्के डब्यांवरचा प्रोटीनचा आकडा खरा निघाला नव्हता. आणि आईवडिलांना कळकळीनं सांगते, डबे फेकून देऊ नका. फेकलेला डबा मित्राच्या घरी जातो, आणि मूल तुमच्याशी बोलायचं थांबतं.

अंग झाकणं, आरसा आणि काटा, पंगतीला न बसणं, शरीर पिळदार असूनही किडकिडीत वाटणं. याला मसल डिस्मॉर्फिया म्हणतात. हार्वर्डच्या हॅरिसन पोप यांनी 1993 मध्ये बॉडीबिल्डरांमध्ये हे नोंदवलं, आणि 2013 पासून मानसोपचाराच्या निदानपुस्तिकेत त्याला जागा आहे. याच्यात त्यातल्या काही खुणा होत्या, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं. त्यांच्या सल्ल्यानं आम्ही एक प्रयोग केला. शेक मुद्दाम तीन तास उशिरा घ्यायचा आणि भीतीला दहापैकी गुण द्यायचे. पहिल्या दिवशी त्यानं वहीत लिहिलं: लगेच 9, तासाभरानं 6, शेक घेताना 3. महिन्याभरात तो वही न सांगता काढू लागला.

एका भेटीला आजोबा आले. नातवाच्या हातातला शेकर फिरवून फिरवून बघत म्हणाले, "आमीबी मेहनत झाली की थंडाई पीत हुतो की. बदाम, खसखस, बडीशेप. घोटायलाच तासभर जायचा. चारजण बसून घोटायचो." मग हळूच विचारलं, "तू एकटाच का पितोस रं?"

मुलानं उत्तर दिलं नाही, पण पहिल्यांदाच बाह्या कोपरापर्यंत सरकवल्या आणि आजोबांच्या शेजारी जाऊन बसला.

आता शेकरमध्ये दोनच पावडरी असतात. काटा आठवड्यातून एकदा. आरशाचं काम अजून चालू आहे. परवा म्हणाला, "मॅडम, मामाच्या मुलीचं लग्न आहे. तीन दिवस जिम नाही, शेक नाही, आणि हळदीला उघड्या अंगानं बसायला लावतील." मी विचारलं, गुण किती? त्यानं वही उघडली. "आठ."

लग्न पुढच्या रविवारी आहे. त्याआधी आमच्या दोन भेटी होतील.