निवांत रस्ता नकाशावर कसा ओळखायचा

अनेक आशीर्वाद.

फ्रान्समधल्या सायकल सहलीसाठी तू पाठवलेली मार्गांची यादी वाचली. ल्वार नदीकाठ, कनाल द्यू मिदी हा कालवा, बरगंडीतला जुन्या रेल्वेमार्गावरचा ग्रीनवे, म्हणजे गाड्यांना बंद असलेली सायकलवाट. एकही वाईट नाही. पण तुला हवाय तो शुकशुकाट यांपैकी एकाही ठिकाणी मिळणार नाही. ज्या मार्गाला नाव, लोगो आणि माहितीपत्रक असतं, तिथे जुलै-ऑगस्टमध्ये लेकुरवाळी कुटुंबं, कुत्री आणि ई-बाइक्स असणारच. खरे शांत रस्ते बिननावाचे असतात. फ्रान्समध्ये एकूण सुमारे ११ लाख किलोमीटर रस्ते आहेत आणि त्यांतले ७ लाखांच्या आसपास गावांच्या, म्हणजे कम्यूनच्या ताब्यातले. देशात कम्यूनच जवळजवळ ३५ हजार, त्यामुळे वाडी-वस्तीपर्यंत डांबर पोचलंय आणि त्यावर दिवसभरात दूधवाला, टपालवाली आणि दोन ट्रॅक्टर एवढीच वर्दळ. म्हणून तयार मार्ग शोधत बसू नकोस. एक छोटं गाव मुक्कामाला धर आणि तिथून फेऱ्या स्वतः आख.

त्यासाठी आधी रस्त्यांचे क्रमांक वाचायला शीक. ए म्हणजे मोटरवे, तिथे सायकलला मज्जाव. एन म्हणजे राष्ट्रीय रस्ता, तिकडे फिरकायचं नाही. डी हा जिल्ह्याचा, त्याच्या पाटीवर क्रमांक पिवळ्या पट्टीत असतो. सी हा गावाचा, त्याची पट्टी पांढरी. ‘डीचा आकडा जितका मोठा तितका रस्ता लहान’ असं तुला कोणीतरी सांगेलच. ते अर्धंच खरं. १९७०च्या दशकात आणि पुन्हा २००६ साली सरकारने हजारो किलोमीटर राष्ट्रीय रस्ते जिल्ह्यांकडे दिले आणि त्यांना नवे डी क्रमांक मिळाले, बऱ्याचदा ९०० किंवा ६०० च्या घरातले, काही ठिकाणी चार आकडी. पाटी बदलली, ट्रक तेच राहिले. बरगंडीतल्या शालों, तुर्न्यू, माकों या गावांवरून जाणारा डी ९०६ म्हणजे पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६. नकाशावर तो इतर डी रस्त्यांसारखाच दिसतो आणि नवखा माणूस नेमका त्यावर जाऊन पडतो.

आकड्यापेक्षा भरवशाची खूण म्हणजे रस्त्याच्या मधली पांढरी रेघ. आखलेल्या मार्गावर दर चार-पाच किलोमीटरला स्ट्रीट व्ह्यू उघडून बघ. मध्ये रेघ असेल तर रस्ता दोन गाड्यांच्या रुंदीचा आहे आणि गाड्या ताशी ८० ने येणार, काही जिल्ह्यांत ९० नेही. रेघ नसेल तर दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीला कडेच्या गवतात उतरावं लागतं. साहजिकच घाईतले लोक तिकडे येत नाहीत. ही एक तपासणी मी कधीच टाळू देणार नाही. दुसरी तपासणी अशी: तुझ्या रस्त्याला समांतर एखादा मोठा रस्ता आहे का? असेल तर सगळी वाहतूक तो ओढून घेतो आणि लहान रस्ता मोकळा राहतो. नदीच्या एका काठाने मुख्य रस्ता जात असेल तर तू दुसरा काठ धर. दोन शहरांमधला एकमेव पूल किंवा एकमेव खिंड मात्र लहान रस्त्यावर असली तरी गजबजलेली असते.

अ‍ॅपने आखलेला मार्ग जसाच्या तसा उचलू नकोस. अ‍ॅपला शेतातली पायवाटही रस्ता वाटते. आयजीएन या फ्रान्सच्या सरकारी नकाशा संस्थेच्या १:२५,००० नकाशावर तपास. तो सरकारी संकेतस्थळावर फुकट बघता येतो. दोन सलग रेघांमधला रस्ता पक्का, एकेरी किंवा तुटक रेघ म्हणजे माती. मिशलँ कंपनीच्या कागदी नकाशावर पिवळे आणि पांढरे रस्ते निवड आणि त्यांवरचे बाण मोज: एक बाण म्हणजे ५ ते ९ टक्के चढ, दोन म्हणजे ९ ते १३, तीन म्हणजे त्याहून जास्त. मोठ्या खिंडींचे रस्ते गाड्यांसाठी वळणं देऊन बांधलेले, म्हणून ते सौम्य असतात. गावातला रस्ता मात्र दोन शेतांमधून सरळ टेकडीवर चढतो, त्यामुळे समुद्रसपाटीपासून जेमतेम ३०० मीटरवरही १४ टक्क्यांची उभी भिंत समोर येते.

पहिल्या आठवड्यासाठी कोरमातँ हे गाव सुचवतो, दक्षिण बरगंडीत. जिवरी ते क्लुनी हा फ्रान्समधला पहिला ग्रीनवे, १९९७ साली सुरू झालेला, ४४ किलोमीटरचा, इथूनच जातो. हवा खराब असेल किंवा पाय थकले असतील तर परतीला तो उपयोगी. शेजारून जाणारा डी ९८१ मात्र फक्त ओलांडायचा. पहिली फेरी अशी: डी १४ ने पूर्वेला शापेझ. तिथलं अकराव्या शतकातलं चर्च आणि त्याचा उंच मनोरा लांबूनच दिसतो. पुढे ब्रांसियोंची खिंड, मग मार्ताय, ओझने आणि उतरून तुर्न्यू. परत येताना डी १४ नको. उत्तरेकडून मांसे, एत्रिनी, शांपान्यी या गावांच्या बिनरेघेच्या रस्त्यांनी ये. पन्नासेक किलोमीटर होतात. ऐकायला कमी वाटेल, पण थांबे आणि चढ धरून पाच-सहा तास राखून ठेव. या भागात दर किलोमीटरला दहा ते पंधरा मीटर चढाई धरायची, ती दिवसाअखेर मांड्यांत उतरते.

आता सायकल. टायर ३२ मिलिमीटर, निदान २८. कारण इथे लहान रस्त्यांवर गुळगुळीत डांबर क्वचित. तापवलेल्या डांबरावर बारीक खडी पसरून दाबलेली असते, तिचा खरखरीतपणा हातापर्यंत पोचतो. तू आणि सायकल मिळून ८५ किलो धरले तर ३२ च्या टायरमध्ये मागे ६०, पुढे ५५ पीएसआयच्या आसपास हवा पुरे. ८० भरलीस तर वेग वाढणार नाही, मनगटं मात्र दुखतील. गिअरमध्ये पुढे ३४ आणि मागे किमान ३४ दातांचं चक्र. दोन ट्यूब, पॅचेस, चेनची क्विक लिंक (झटपट जोडायची कडी) आणि तुझ्याच फ्रेमचा डिरेलर हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा तुकडा) बरोबर हवा. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो. तो तालुक्याच्या गावी तर सोड, मोठ्या दुकानातही मिळेलच असं नाही. घंटी कायद्याने सक्तीची. अंधारात किंवा धुक्यात गावाबाहेर रिफ्लेक्टिव्ह जाकीट सक्तीचं. कानात इअरफोन घालून चालवायला बंदी आहे.

या खडीचाच दुसरा अवतार म्हणजे उन्हाळ्यातलं ‘ग्राव्हियों’. नुकती पसरलेली, न बसलेली खडी. त्रिकोणी पाटीवर चाकाखालून उडणारे दगड दाखवलेले असतात. लोक पडतात ते खडीमुळे नव्हे, खडी दिसल्यावर ब्रेक दाबल्यामुळे. वेग आधीच कमी कर, गाड्यांच्या चाकांनी झाडून निघालेल्या पट्ट्यात राहा, हात सैल, वळताना सायकल तिरकी करू नकोस. उतारावर आंधळं वळण असेल तर पलीकडे ती आहेच असं धरून चाल.

आपल्याकडून जाणाऱ्याची खरी चूक मात्र वेगळीच असते. तिकडे वाहतूक उजवीकडून. गर्दीत हे आठवावं लागत नाही, सगळे जातात तसं आपण जातो. चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर: डाव्या बाजूच्या बेकरीतून बाहेर पडलं की सवयीने डावी कड धरली जाते आणि पहिली गाडी समोर येईपर्यंत कळतही नाही. हँडलच्या डाव्या टोकाला रंगीत टेप गुंडाळ, निघताना ती रस्त्याच्या मध्याकडे आहे ना ते बघ. भाड्याची सायकल घेतलीस तर पुढचा ब्रेक बहुधा डाव्या हाताला असेल, आपल्या नेमका उलट. आवारातच दहा मिनिटं फिरवून घे.

वाड्या-वस्त्यांमध्ये उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यायची, पाटी नसली तरी. बोळातून ट्रॅक्टर न थांबता बाहेर येईल आणि कायदा त्याच्याच बाजूने असेल. पिवळ्या शंकरपाळ्याच्या आकाराची पाटी दिसली तर हक्क तुझा. त्यावर काळी तिरकी रेघ आली की तो संपला. गाडीने तुला ओलांडताना गावाबाहेर दीड मीटर अंतर ठेवायचं असतं, आणि बहुतेक जण ठेवतात.

जेवणाची आखणी रस्त्याइतकीच काटेकोर हवी. गावातली दुकानं १२ ते २ बंद, रविवारी दुपारनंतर बंद, सोमवारी बरीचशी दिवसभर बंद. बेकरीचा आठवड्याचा सुट्टीचा दिवस गावागणिक वेगळा असतो. मे महिन्यात सुट्ट्यांची रांगच लागते. म्हणून पावणेबाराच्या आत पाव आणि चीज पिशवीत असलं पाहिजे. शाकाहारी असशील तर कीश (अंड्याचा खारा पाय) विचारल्याशिवाय घेऊ नकोस, बहुतेकांत डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात. पाणी संपलं तर गावाबाहेरची दफनभूमी शोध, तिथे फुलांसाठी नळ असतो. ‘ओ नों पोताब्ल’ अशी पाटी असेल तर मात्र पिऊ नकोस. महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी १२ ला भोंगा वाजला तर घाबरू नकोस, ती चाचणी असते.

जायचं तर जूनचा पहिला पंधरवडा किंवा सप्टेंबर. सप्टेंबरपासून शिकारीचा हंगाम सुरू होतो, तेव्हा रविवारी जंगलाच्या कडेने जाताना भडक नारिंगी काहीतरी अंगात असू दे. तुर्न्यूपर्यंत टीईआर या प्रादेशिक गाडीने ये; सायकल तशीच चढवता येते, पण जागा मोजक्या आणि आरक्षणाचे नियम प्रांतागणिक वेगळे, तेव्हा तिकीट काढतानाच बघ.

शांपान्यीहून कोरमातँला यायला दोन-तीन पर्याय आहेत. स्ट्रीट व्ह्यूवर तिन्ही तपासून तू निवडलेला मार्ग जीपीएक्स फाइलमध्ये (नकाशा-अ‍ॅपमधून मिळणारी मार्गाची फाइल) पाठव, मग पुढच्या फेऱ्यांचं बोलू.

सस्नेह.